सोडा, पॉप, कोक : आय-५५ धरून दक्षिणेकडे

अमेरिकेत फेसाळ, गोड, थंडगार पेयाला सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात सोडा म्हणतात, शिकागो-डेट्रॉइटच्या पट्ट्यात पॉप. दक्षिणेत कोक, मग बाटलीत संत्र्याचा रंग का असेना. बर्ट व्हॉक्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये असताना २००३च्या सुमारास लोकांकडून ऑनलाइन उत्तरं मागवून अशा शब्दांचे नकाशे काढले होते. पेयांच्या नकाशात पॉपच्या मुलखाला लागून सोड्याची दोन बेटं उठून दिसतात : एक मिलवॉकीच्या भोवती, दुसरं सेंट लुईसच्या भोवती. ती बेटं मला पाहायची होती.

भाचा विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला नोकरीला. मिलवॉकीहून शिकागो आणि तिथून आय-५५ हा महामार्ग धरला, की सोडा, पॉप, परत सोडा, कोक असे मुलूख ओळीने लागतात आणि शेवटी न्यू ऑर्लिन्स येतं. भाच्याला रजा होती. गाडी त्याची, पेट्रोल माझं, असं ठरलं.

शनिवार : मॅडिसन, मिलवॉकी

निघण्याआधी लायब्ररीत डोकावलो. अमेरिकेतल्या प्रादेशिक बोलींचा जाडजूड कोश इथल्याच विद्यापीठात तयार झाला. त्याचा मुख्य संपादक फ्रेडरिक कॅसिडी हा मूळचा जमैकाचा, म्हणजे अमेरिकेच्या बोली गोळा करणारा माणूस बाहेरून आलेला. १९६५ ते १९७० या काळात त्याचे लोक व्हॅन घेऊन देशभर फिरले. व्हॅनमध्येच झोपायची सोय आणि बरोबर सोळाशेहून जास्त प्रश्नांची वही. १,००२ गावं झाली, २,७७७ माणसं बोलती झाली. त्या गाड्यांना ते ‘वर्ड वॅगन’ म्हणायचे. पहिला खंड १९८५ला निघाला, पाचवा २०१२ला, आणि कॅसिडी वारला २००० साली. त्याच्या थडग्यावर ‘ऑन टू झेड’ कोरलंय. चला, झेडपर्यंत! कोक आणि कोल्ड ड्रिंक ही ‘सी’ची मंडळी असल्याने पहिल्याच खंडात बसली. पॉपची पाळी चौथ्यात आली आणि सोडा पार शेवटच्या खंडात गेला.

मिलवॉकी इथून ऐंशी मैल. दुपारी तळ्याकाठच्या बागेत पोचलो. (तळं म्हणायचं, पण मिशिगनचा पलीकडचा काठ दिसत नाही.) एका बाईने आपल्या पोराला दटावलं, ‘‘सोडा नाही मिळणार, बबलरवर जाऊन पाणी पी.’’ दोन्ही शब्द एकाच वाक्यात! पिण्याच्या पाण्याच्या उडत्या नळाला बबलर म्हणायची रीत पूर्व विस्कॉन्सिनची. तशी ती थेट ऱ्होड आयलंडकडे आणि बॉस्टनच्या बाजूला आहे, मधल्या राज्यांतल्या माणसाला बबलर म्हटलं तर तो नुसता बघत राहील.

मिलवॉकी हे जर्मन लोकांचं, बिअरचं शहर. १९२०ला दारूबंदी आली तेव्हा इथल्या भट्ट्यांनी माल्टचं सरबत, सोडा, चीज, जे खपेल ते करून तग धरला. सेंट लुईसही जर्मनांचं आणि बिअरचं. म्हणून दोन्हीकडे सोडा, असं स्पष्टीकरण मी गाडीत मोठ्या झोकात मांडलं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, सिनसिनाटी पण जर्मनांचंच की. तिथे सगळे पॉप म्हणतात.’’ तो दोन वर्षं तिथे होता. माझं संशोधन तिथेच संपलं.

रविवार : शिकागो

मिलवॉकीहून शिकागो फक्त नव्वद मैल, पण या नव्वद मैलांत शब्द फिरतो. हॉटडॉगच्या टपरीवर रांगेत उभे होतो. पुढच्या म्हाताऱ्याने मोहरी, कांदा, हिरवी चटणी, लोणच्याचा तुकडा, टोमॅटो, मिरच्या, सेलरी मीठ एवढं सगळं घालून घेतलं (केचप मागायचं नाही, शिकागोत ते पाप) आणि वर म्हणाला, ‘‘अँड अ पॉप.’’ ‘पाप’ आणि ‘पॉप’ यांच्या मध्ये कुठेतरी पडेल असा त्याचा उच्चार. शिकागोच्या तोंडात तो ‘ऑ’ पसरून ‘आ’कडे झुकतो. गल्ल्यावरच्या पोरीने मात्र यंत्राकडे जाताना विचारलं, ‘‘विच सोडा?’’ ती विशीतली, तो पंच्याहत्तरीच्या पुढचा. दोघंही शिकागोचेच दिसत होते.

या टपरीवर माझ्या ध्यानात आलं की पाट्यांचा इथे काही उपयोग नाही. मेन्यूवर ‘फाउंटन ड्रिंक्स’ नाहीतर ‘बेव्हरेजेस’ असं छापील आणि कुठलाच नसलेलं इंग्रजी असतं, यंत्रावर नुसती कंपनीची नावं. शब्द ऐकायचा तर रांगेत कान टवकारून उभं राहायचं. विचारलं की लोक सावध होतात आणि टीव्हीवरचा शब्द सांगतात.

एकदा मात्र हा शब्द शिकागोच्या राजकारणात ठळक छापून आला. कुक काउंटीने, म्हणजे शिकागो ज्या काउंटीत येतं तिने, २०१७च्या ऑगस्टमध्ये गोड पेयांवर औंसाला एक सेंट कर बसवला. बारा कॅनच्या खोक्यावर एक डॉलर ४४ सेंट जादा. लोक गाड्या काढून शेजारच्या काउंटीत, नाहीतर थेट इंडियाना राज्यात खरेदीला जाऊ लागले. दुकानदार ओरडले, पेयकंपन्यांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि डिसेंबर उजाडताच कर गेला. फिलाडेल्फियाने त्याच वर्षी असाच कर लावला, त्याला तिकडे ‘सोडा टॅक्स’ म्हणतात आणि तो टिकला. शिकागोत मात्र तो ‘पॉप टॅक्स’. बातमीत हा शब्द दिसला की समजायचं, बातमी कुठली.

संध्याकाळी डेव्हन अव्हेन्यूवर जेवलो. रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग असं नाव आहे. दुकानात थम्स अप होतं, लिम्का होतं. मालक गुजराती. त्याला ‘कोल्ड्रिंक’ म्हटल्याबरोबर त्याने फ्रीजकडे बोट केलं. असं न अडखळता बोललो मी दोन दिवसांत पहिल्यांदाच. ग्रीन रिव्हर नावाचं पोपटी, लिंबाच्या चवीचं पेयही तिथेच मिळालं. दारूबंदीच्या तोंडावर, १९१९मध्ये शिकागोच्या एका बिअर भट्टीने ते काढलं होतं. एक घोट घेऊन मी बाटली भाच्याकडे सरकवली. रंग पाहण्यासारखा आहे.

सोमवार : इलिनॉय, सेंट लुईस

तीनशे मैल मका आणि सोयाबीन. आय-५५ इथे जुन्या रूट ६६च्या कडेकडेने जातो, त्यामुळे प्रत्येक गावाने त्या रस्त्याच्या आठवणींचं एकेक दुकान थाटलंय. पॉन्टियॅकला चहा (म्हणजे कॉफी) घेतला तिथे पॉप. स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर पाहिलं, जेवलो, तिथे एका टेबलावर पॉप आणि दुसऱ्यावर सोडा. पुढे तासाभरावर लिचफील्डच्या पंपावर तिघं पोरगे आत शिरले आणि तिघंही सोडाच म्हणाले. राज्य तेच, शेतं तीच, बोलण्याची ढबही फारशी वेगळी नाही. नागपूरकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि पश्चिमेकडे येताना तो शब्द कुठल्याशा स्टेशनावर उतरून जातो, तसंच हे. शिकागोच्या वर्तमानपत्राची आणि टीव्हीची सत्ता संपून सेंट लुईसची सुरू झाली, एवढाच काय तो फरक. शब्दांच्या हद्दी राज्यांच्या नकाशाला विचारत नाहीत, मोठ्या शहराच्या बाजारपेठेला विचारतात, असं माझं मत त्या पंपावर झालं आणि अजून तरी बदललेलं नाही.

नदी ओलांडायच्या आधी कॉलिन्सव्हिलला केचपच्या बाटलीच्या आकाराची पाण्याची टाकी आहे, १९४९ची, एकशे सत्तर फूट उंच. बाटलीवर स्पेलिंग ‘कॅटसप’. हाही एक जुना तंटा, पण आज तो नको.

सेंट लुईस म्हणजे सेव्हन अपचं गाव. चार्ल्स ग्रिग नावाच्या माणसाने १९२९मध्ये ते बाजारात आणलं आणि पंधरवड्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मूळ नाव ‘बिब-लेबल लिथिएटेड लेमन-लाइम सोडा’. म्हणजे सोडा हा शब्द बाटलीवरच होता. ‘लिथिएटेड’ही खरं होतं : त्यात लिथियम सायट्रेट असायचं, मनाच्या आजारावर देतात त्या औषधातलं लिथियम. १९४८पर्यंत ते होतं. मंदीत लोकांना हेच पेय का आवडलं, याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

रात्री डेलमार रस्त्यावरच्या एका जुन्या वळणाच्या हॉटेलात रूट बिअर प्यायलो. ही बिअर नव्हे. सॅसाफ्रास आणि विंटरग्रीनच्या वासाचं गोड पेय, आपल्या माणसाला पहिल्यांदा आयोडेक्सच आठवतं. काचेपलीकडे बाटल्या भरण्याची यंत्रं मांडलेली. वाढणाऱ्या मुलीला भाच्याने मुद्दाम विचारलं, ‘‘व्हॉट पॉप डू यू हॅव?’’ ती हसून म्हणाली, ‘‘शिकागोहून आलात वाटतं.’’

मंगळवार : मिसुरी, मेम्फिस

सकाळी सेंट लुईसची ती प्रसिद्ध उंच कमान पाहिली. पाहण्याजोगी आहे, वर जायची रांग मात्र फार.

मिसुरीच्या दक्षिण टोकाला साइक्स्टन गावात एक प्रसिद्ध हॉटेल आहे, तिथे पाव फेकून देतात. हो, फेकूनच. पोरगा गाडा घेऊन फिरतो, तुम्ही हात वर करायचा आणि झेलायचा. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘थ्रोड रोल्स’. इंग्रजीच्या मास्तरांनी पाहू नये असं ते रूप तिथे अभिमानाने मिरवतं. चहा मागितला तर बर्फाचा आणि आधीच साखर घातलेला आला, तोही पाकासारखा. दक्षिण सुरू झाल्याची खूण म्हणून कोकपेक्षा हा चहा जास्त पक्का, असं मला वाटायला लागलंय.

मेम्फिसला पोचेपर्यंत अंधारलं. मोटेलच्या जिन्याखाली पेयांचं यंत्र आणि शेजारी बर्फाचं. बाजूच्या खोलीतली आजी दारात खुर्ची टाकून बसली होती. नातवाला तिने दोन नोटा दिल्या, ‘‘जा, तुला एक कोक घेऊन ये.’’ पोरगा धावत गेला. यंत्राने एक नोट गिळली, दुसरी तीनदा बाहेर टाकली. पोराने ती मांडीवर ठेवून तळहाताने दाबली, कोपरे सरळ केले, मग यंत्राने घेतली. तो फँटा घेऊन आला, संत्र्याचा. आजीने पाहिलं आणि म्हणाली, ‘‘झाकण नीट लाव हं त्या कोकचं, गाडीत सांडशील.’’ कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ‘कुठला कोक?’ असा प्रश्नसुद्धा आला नाही.

बुधवार : मेम्फिस

हॉटेलांत मात्र असं बोलणं ऐकू आलं नाही. तिथे वाढणाऱ्या बाया काटेकोर. कोक मागितला आणि दुकानात पेप्सी असेल तर ‘पेप्सी चालेल का?’ हे विचारणारच. कोका-कोला कंपनी आपल्या नावाच्या बाबतीत पहिल्यापासून कडक आहे. कोक मागणाऱ्याला भलतंच काही ओतून देणाऱ्यांना तिने कोर्टात खेचलंय. ‘कोक’सारख्या नावावरून तर १९२०मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला आणि कंपनी जिंकली. गंमत अशी की त्या काळात कंपनीला स्वतःलाच हे टोपणनाव पसंत नव्हतं. पूर्ण नावाने मागा, अशा जाहिराती ती देत असे. शेवटी १९४१मध्ये हार मानून जाहिरातीत ‘कोक’ लिहिलं आणि १९४५मध्ये नोंदवूनही टाकलं. कोर्टात जिंकलेलं नाव दक्षिणेतल्या आज्यांनी मात्र कधीच सगळ्या बाटल्यांना वाटून टाकलेलं.

पिग्ली विग्ली हे गिऱ्हाइकाने हाताने माल घ्यायचं पहिलं किराणा दुकान १९१६मध्ये इथे निघालं. त्याची प्रतिकृती इथल्या पिंक पॅलेस संग्रहालयात आहे. आजच्या दुकानांत ढकलगाडीला इथे ‘बग्गी’ म्हणतात. दुपारी लोरेन मोटेलला गेलो, मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली ती जागा. तिथे पेयांचा विषय डोक्यात राहत नाही.

गुरुवार : जॅक्सन, व्हिक्सबर्ग

मिसिसिपी राज्यात शिरल्यावर ‘कोक’च्या जोडीला ‘कोल्ड ड्रिंक’ ऐकू येऊ लागलं. उच्चार जवळपास आपलाच, ‘ड’ गिळलेला : कोल्ड्रिंक. भाचा माझ्याकडे बघून हसला. आपल्याकडे हा शब्द इंग्रजांनी आणला की पुढे बाटल्यांच्या कंपन्यांनी, यावर जॅक्सनपर्यंत वाद घातला.

जॅक्सनला कॅपिटल स्ट्रीटवर एक फलक आहे. इथल्या वूलवर्थ दुकानात खाण्यापिण्याचा काउंटर होता, गोऱ्यांपुरता. २८ मे १९६३ला टुगालू कॉलेजचे काळे विद्यार्थी तिथे स्टुलांवर जाऊन बसले. काही गोरे साथीदारही त्यांच्याबरोबर बसले. जमावाने त्यांच्या डोक्यावर केचप, मोहरी, साखर ओतली, मारलं, स्टुलांवरून ओढून पाडलं. ते तासन्‌तास बसून राहिले. औषधाच्या दुकानांतले आणि बाजारातले सोडा फाउंटन, म्हणजे पेल्यात पेय भरून देणारे काउंटर, यांच्या आठवणी अमेरिकेत फार गोडीने सांगतात. सांगणारा कुठल्या बाजूच्या स्टुलावर होता, हे आता मी आधी बघतो.

व्हिक्सबर्ग पश्चिमेला पंचेचाळीस मैल, मिसिसिपीच्या काठावर उंचावर. वॉशिंग्टन स्ट्रीटवर बीडनहार्न यांचं जुनं मिठाईचं दुकान आता छोटं संग्रहालय झालंय. १८९४पर्यंत कोका-कोला फक्त फाउंटनवर पेल्यात मिळायचा. जोसेफ बीडनहार्नने तो पहिल्यांदा बाटलीत भरला, कारण नदीकाठच्या मळ्यांवरच्या लोकांना शहरात येऊन पिणं जमणार नव्हतं. त्याने एक खोकं अटलांटाला मालक एसा कँडलरकडे पाठवलंही. कँडलरला बाटलीचं एवढं कौतुक नसावं. पाच वर्षांनी त्याने जवळजवळ साऱ्या देशाचे बाटलीबंदीचे हक्क चॅटनूगाच्या दोन वकिलांना एका डॉलरला देऊन टाकले.

पहिल्या बाटल्या हचिन्सन पद्धतीच्या. एक कपाटात होती, ती मी बराच वेळ पाहिली. जाड काच, आखूड मान, तोंडातून बाहेर आलेला तारेचा फासा. तारेच्या खालच्या टोकाला रबराची चकती. बाटली भरली की तार वर ओढायची, मग आतला वायूच ती चकती मानेला खालून दाबून धरतो. उघडताना फाशावर तळहात मारायचा : तार आत जाते, चकती सुटते आणि फट्‌ आवाज होतो. म्हणजे आपल्या गोटी सोड्याचीच सख्खी चुलत बहीण. तिथे रबराच्या जागी काचेची गोटी असते. ती बाटली लंडनच्या हायरम कॉडची, १८७२ची. ही शिकागोच्या चार्ल्स हचिन्सनची, १८७९ची. दोन्हींचं तंत्र तेच, आतल्या दाबालाच पहारेकरी नेमायचं. आणि दोन्हींचा दोष तोच : बूच आतच राहतं, बाटली धुणाऱ्याचा जीव जातो. १८९२ला बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी बूच काढलं आणि हळूहळू दोघींचं दुकान उठलं. आपल्याकडे मात्र गोटी अजून टिकून आहे.

या फट्‌ आवाजावरूनच ‘पॉप’ शब्द आला, असं तिथल्या एका पाहुण्याने बायकोला ठासून सांगितलं. आवाजाचं बरोबर आहे, बाटलीचं नाही. इंग्लंडात रॉबर्ट साउदी या कवीने १८१२च्या पत्रात पॉप नावाच्या पेयाबद्दल लिहिलंय, बुचाच्या आवाजावरून नाव पडलं म्हणून. हचिन्सन तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. मी मध्ये बोललो नाही. त्याची बायकोही ऐकत नव्हती.

शुक्रवार : न्यू ऑर्लिन्स

लुइझियानात आय-५५ शेवटी मँचॅकच्या दलदलीवरून जातो, वीस मैलांहून लांब पूल. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं आणि त्यांच्यावर लोंबणारं करडं शेवाळ. पूल संपतो तिथे आमचा रस्ताही संपला. पुढे न्यू ऑर्लिन्सपर्यंत दुसरा हायवे.

या शहराच्या बोलीचं वेगळंच प्रकरण आहे. रस्त्याच्या दुभाजकाला ‘न्यूट्रल ग्राउंड’. सँडविचमध्ये लेट्यूस-टोमॅटो-मेयोनेज घातलं की ते ‘ड्रेस्ड’. दुकानदाराने वर थोडं फुकट दिलं की ‘लान्याप’. आणि पेय म्हणजे कोल्ड ड्रिंक, इथे अगदी बिनधास्त. चौपिटूलस रस्त्यावरच्या हॅन्सेनच्या दुकानात, १९३९पासून चालू आहे ते, बर्फ इतका बारीक किसतात की दाताखाली येतच नाही. त्यावर नेक्टर क्रीम नावाचं गुलाबी सरबत घेतलं. ही चव जुन्या औषधी दुकानांच्या सोडा फाउंटनवरची. फाउंटन गेले, चव बर्फावर येऊन राहिली. रांग अर्ध्या तासाची होती आणि पुढच्या वेळी मी तासाचीही लावीन.

हॉटेलकडे परतताना कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात शिरलो. पंखा, लॉटरीची तिकिटं, काउंटरवर उकडलेल्या शेंगा. मी नुसता इकडेतिकडे बघत होतो तर गल्ल्यावरची बाई न विचारताच म्हणाली, ‘‘कोल्ड ड्रिंक्स मागे आहेत, बेबी.’’ माझं वय अठ्ठावन. भाच्याने गावातलंच बिग शॉट काढलं, अननसाचं. मी बार्क्सची रूट बिअर घेतली, शेजारच्या बिलॉक्सीत १८९८मध्ये निघालेली. सेंट लुईसच्या रूट बिअरइतकी ती आयोडेक्सच्या वाटेने जात नाही, तिला फेस कमी आणि धार जास्त. अननस फारच गोड निघालं. भाच्याने अर्धं तसंच ठेवलं आणि माझ्या बाटलीकडे हात केला.